टिटवीचे अकरा फेरे

कॅप्टन हेमांगी ठोसर नागपूरच्या फ्लाइंग क्लबमध्ये एका दोन आसनी विमानाच्या चाकांतली हवा तपासत होती, तेव्हा ललिता मडावीचा फोन आला. नाव ओळखीचं वाटेना. मुरंगलच्या उपकेंद्रातली सिस्टर बोलते, असं पलीकडून सांगितल्यावर मात्र हेमांगीला सगळं एकदम आठवलं. भामरागडच्या पलीकडचा डोंगर, त्याच्या सोंडेवर सपाट केलेली तांबड्या मातीची पट्टी आणि खाली नदीचं वळण.

ललिताने आधी बातमी सांगितली. नऊ दिवसांपूर्वी गावातली पाली वड्डे बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. नाल्याला पूर होता, गाडी निघणं शक्य नव्हतं. सकाळी सव्वादहाला ललिताने टिटवी, म्हणजे रुग्ण न्यायचं ते छोटं विमान, मागवलं. टिटवी पंचवीस मिनिटांत आली, पट्टीवर तीनदा उतरायला म्हणून खाली आली, तिन्ही वेळा लोकांच्या डोक्यावरून निघून गेली आणि परत फिरली. दुपारी पाली गेली. चोवीस वर्षांची होती. मूल जगलं.

फार वाईट झालं, एवढंच हेमांगी कसंबसं म्हणाली. पण ललिताने सहानुभूतीसाठी फोन केलेला नव्हता.

"मॅडम, मला एकच विचारायचं होतं. तुमी काहून नाही उतरले?"

हेमांगीला वाटलं, बाईचा काहीतरी घोटाळा होतोय. तिने समजावून सांगितलं की गेली दोन वर्षं तिने टिटवी चालवलेली नाही आणि त्या विमानात आता वैमानिकच नसतो.

"ते मला माहीत आहे जी," ललिता म्हणाली. "पण विमान मागवायच्या डब्यावर तुमचा फोटो आहे. खाली लिहिलंय, प्रत्येक टिटवीत कॅप्टन ठोसर यांचे हात. आन् काल कंपनीचं पत्र आलं. विमान बरोबरच वागलं म्हणे. ही पट्टी उतरण्याजोगी नाही, असं कॅप्टन ठोसरांचंच मत होतं म्हणे. म्हटलं, ज्यांचं मत आहे त्यांनाच विचारावं."

तिने पत्राचा फोटो पाठवला. हेमांगीने तो हँगरच्या दारात उभं राहून वाचला. मजकूर नेमका तसाच होता. 'अनुभवी चाचणी वैमानिक कॅप्टन हेमांगी ठोसर यांच्या निर्णयानुसार.' तिला आधी खरंच काही कळेना. मग तिने ते पत्र पुन्हा, एकेक शब्द वाचलं. तिने आयुष्यात मुरंगलबद्दल असा निर्णय कधीही दिला नव्हता. उलट ती तिथे उतरायला निघाली होती. एकदा नाही, अकरा वेळा.

तेव्हा टिटवी नवी होती. वर्ध्याजवळच्या एका वापरात नसलेल्या धावपट्टीच्या कडेला ऊर्ध्वा एअरक्राफ्ट्स नावाची वीस-बावीस माणसांची कंपनी सुरू झाली, त्यात हेमांगी चाचणी वैमानिक होती आणि तिचा नवरा विश्राम पंखांची रचना करत होता. विश्रामला एकच ध्यास होता. सहा माणसं किंवा एक स्ट्रेचर घेऊन जाणारं असं हलकं विमान, जे दोनशे मीटरच्या मातीच्या पट्टीवर उतरेल. दोनशे मीटर म्हणजे शाळेचं मोठं मैदान. अशी जागा कुठल्याही गावाला स्वतःच्या हातांनी करता येते.

विमान थोड्या जागेत उतरवायचं तर ते हळू आलं पाहिजे, आणि हळू आलं की पंखांवरून पुरेसा वारा वाहत नाही, त्यामुळे ते खाली कोसळतं. हा पेच विश्रामने पंख्यांनी सोडवला. टिटवीच्या पंखांच्या पुढच्या कडेला त्याने ओळीने आठ छोटे विजेचे पंखे बसवले. ते पंखे मागच्या पंखावर सतत वारा फेकत राहतात. पंखाची मागची पट्टी खाली वळवली की तो वाराही खाली वळतो आणि विमानाला वर धरून ठेवतो. विमान मोटरसायकलच्या वेगाने येत असतं, पण पंखाला मात्र ते जोरात चाललंय असंच वाटत राहतं.

यात एक मेख होती. साध्या विमानात उतरताना वैमानिक शक्ती कमी करत जातो. टिटवीत ती कमी केली की पंख्यांचा वारा कमी होतो, आणि वारा कमी झाला की विमान दगडासारखं बसतं. म्हणजे जमिनीपासून दहा फुटांवर, जिथे प्रत्येक वैमानिकाचा हात सवयीने मागे येतो, तिथे टिटवीच्या वैमानिकाला तो किंचित पुढे न्यावा लागे. किती पुढे, ते वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीप्रमाणे बदलायचं. विश्रामने त्याची समीकरणं मांडून पाहिली आणि वर्षभराने हात टेकले. हेमांगीला मात्र ते जमायचं. कसं, ते तिला सांगता येत नसे.

मग कंपनीचे संचालक निरंजन बेहेरे यांनी ठरवलं की जे सांगता येत नाही ते यंत्राला पाहून शिकू द्यावं. हेमांगीला पातळ हातमोजे मिळाले. त्यांतून तिच्या बोटांचा प्रत्येक दाब नोंदला जाई. डोळे कुठे वळतात ते कॅमेरा टिपे. पंखांवरचा वारा, समोरची जमीन, झाडं, उतार, सगळं त्याच वेळी साठवलं जाई. तीन वर्षांत बत्तीसशे वेळा ती उतरली. या नोंदींवर जे यंत्र घडलं त्याला कंपनीने सारथी असं नाव दिलं. समोर अमुक दिसलं की कॅप्टन ठोसरांचा हात काय करतो, एवढंच सारथी शिकला, आणि ते त्याने इतकं नेमकं उचललं की पहिल्यांदा त्याला उतरताना पाहिलं तेव्हा हेमांगीच्या अंगावर काटा आला. विमान तिच्यासारखंच किंचित डावीकडे कलून मग सरळ होत होतं.

एक गोष्ट सारथीला दिली गेली नाही. रेडिओवरचं बोलणं. त्याचा उडण्याशी संबंध नाही, उगाच नोंदींचा पसारा वाढतो, असं बेहेऱ्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा त्यावर कोणी वाद घातला नाही. हेमांगीनेही नाही.

मुरंगलला ती त्या शेवटच्या वर्षी जानेवारीत गेली होती, चार दिवस. गावाने ती पट्टी स्वतः तयार केली होती. साजाच्या झाडांचे बुंधे खणून काढले होते, दगड वेचून कडेला रचले होते. डोंगराच्या सोंडेवर नदीकडून वर चढणारा वारा विचित्र होता, आणि बेहेऱ्यांना त्या वाऱ्याच्या नोंदी हव्या होत्या. पण पट्टीच्या तपासणीचा सरकारी कागद तेव्हा आलेला नव्हता, तो नंतर आला. तो नसताना चाक टेकलं आणि काही झालं तर विमा मिळाला नसता. म्हणून दर वेळी ती पंधरा फुटांपर्यंत खाली येई, पट्टी सरळ समोर असे, हात स्थिर असे, आणि कानात आवाज येई, उतरू नकोस, वर घे. ती 'समजलं' म्हणे आणि वर घेई. खाली गावातली माणसं पट्टीच्या दोन्ही कडांना उभी असत. पहिल्या दिवशी त्यांच्या हातांत फुलं होती. चौथ्या दिवशी नुसतीच उभी होती.

हुकूम बेहेऱ्यांचा असे, पण कानातला तो आवाज विश्रामचा होता. त्या मोहिमेत जमिनीवरचा रेडिओ तोच सांभाळत होता.

ललिताचा फोन आला त्या संध्याकाळी विश्राम वर्ध्याहून घरी आला तेव्हा पत्र जेवणाच्या टेबलावर छापून ठेवलेलं होतं. त्याने ते हातात घेतलं नाही. त्यावरून हेमांगीला कळलं की त्याने ते आधीच वाचलेलं आहे.

मसुदा माझ्याकडे आला होता, त्याने कबूल केलं. मी त्यातलं तांत्रिक तेवढं पाहिलं, बाकीचं वकिलांनी घातलं. मग तो बराच वेळ बोलत राहिला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच तिला जास्त लागलं. एक्केचाळीस टिटव्या चार जिल्ह्यांत फिरत होत्या. दोन वर्षांत सहाशेच्या वर रुग्ण त्यांनी वेळेवर पोचवले होते. सारथीच चुकीचं शिकलाय असं म्हटलं तर सगळी विमानं जमिनीवर बसवावी लागतील, नव्याने शिकवायला चार-पाच महिने जातील, आणि ऐन पावसाळ्यात त्या सहाशेंसारख्यांनी कुठे जायचं?

"आणि पालीने कुठे जायचं होतं?" हेमांगीने विचारलं.

एका पट्टीचा प्रश्न आहे, तेवढी पट्टी यादीतून काढून टाकू, असं तो पुटपुटला.

पण प्रश्न एका पट्टीचा नव्हता. यंत्राला गावांची नावं कळत नाहीत. ते फक्त समोरचं दृश्य पाहतं. डोंगराची सोंड, खाली पाणी, वर चढणारा वारा, तांबडी आखूड पट्टी. असं दिसलं की कॅप्टन ठोसरांचा हात वर घेतो, अकरापैकी अकरा वेळा घेतो, हे ते शिकलं होतं. मग तशी जागा जगात कुठेही असो, ते वरच घेणार. हेमांगीने ललिताला फोन करून हे सांगितलं तेव्हा ललिता म्हणाली, आमचा सिस्टरांचा ग्रुप आहे, विचारून पाहते.

तीन दिवसांत ललिताकडे यादी जमा झाली. सहा उपकेंद्रं, सगळी डोंगराच्या टोकांवरची. एकोणीस वेळा विमान आलं आणि न उतरता गेलं. कंपनीच्या नोंदीत प्रत्येकापुढे एकच कारण होतं, प्रतिकूल वारा. सिस्टरांनी मात्र तारखांपुढे दुसरंच लिहिलं होतं. रुग्ण खाटेवरून नेला. रुग्ण डोंगीतून नदीपार नेला. रुग्ण दगावला. दगावला असं चार जणांपुढे लिहिलेलं होतं, पालीला धरून. काहींनी त्या दिवसाच्या आभाळाचे फोटो जोडले होते. ते निळंशार होतं.

यादी विश्रामपुढे ठेवून हेमांगी दुसऱ्या दिवशी वर्ध्याला गेली. बेहेऱ्यांनी तिला दारापर्यंत येऊन आत नेलं, चहा मागवला. नऊ वर्षं एकत्र काम केलेलं होतं, त्यांच्या बोलण्यात कधीच कडवटपणा नसे. त्यांनी पालीबद्दल मनापासून वाईट वाटत असल्याचं सांगितलं. सारथीला पुढचे धडे देण्यासाठी हेमांगीने परत यावं, प्रमुख म्हणून यावं, असंही सुचवलं. रेडिओच्या ध्वनिफिती मागितल्यावर ते म्हणाले, त्या नव्वद दिवसांनी पुसल्या जातात, तसा नियमच आहे.

मग त्या पत्रातलं माझं मत तुम्हाला कुठून कळलं, तिने विचारलं.

"हेमांगी, तुम्ही अकरा वेळा खाली आलात आणि अकरा वेळा वर घेतलंत," बेहेरे शांतपणे म्हणाले. "यंत्राने ते पाहिलं. आम्ही ते पत्रात लिहिलं. यात खोटं काय आहे?"

"हुकूम तुमचा होता."

"त्याची नोंद नाही."

चहा तसाच ठेवून ती उठली. बाहेर कारखान्याच्या भिंतीवर तिचा दहा फुटी फोटो होता, हातमोजे घातलेला, हसरा. परवानगीच्या कागदावर सही करताना तिने आपलं कसब दिलं होतं. त्याचा तिला अभिमानही होता. पण आता या माणसांनी आपली भीती, आपली कागदपत्रं, आपली विम्याची कलमं तिच्या कसबात मिसळून टाकली होती, आणि त्या सगळ्याला तिचं नाव दिलं होतं. त्या नावाखाली चार माणसं मेली होती. घरी येईपर्यंत तिचा राग शमला नाही, आणि तो शमावा असं तिला वाटतही नव्हतं. तिने विमान सुरक्षेच्या चौकशी विभागाला तक्रार लिहिली. शेवटच्या परिच्छेदापाशी ती थांबली. हुकूम कोणाच्या आवाजात आला, ते लिहायचं होतं.

विश्राम शेजारच्या खोलीत होता. तिने त्याला हाक मारली आणि विचारलं, लिहू का?

"तुला लिहावंच लागेल," तो म्हणाला. पण तिच्याकडे न पाहता तो गॅलरीत निघून गेला, आणि पुढचे पंधरा दिवस घरात दोघं कामापुरतंच बोलली. तो उशिरापर्यंत वर्ध्याला थांबू लागला. एकदोनदा तर तिकडेच राहिला. तिने गृहीत धरलं की त्याने आपली बाजू निवडली आहे.

सुनावणी गडचिरोलीच्या विश्रामगृहात झाली. चौकशी अधिकारी पद्मजा इंगोले या हवाई दलातून निवृत्त झालेल्या, साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. एका बाजूला बेहेरे, त्यांचे वकील आणि कंपनीची माणसं, त्यांत विश्रामही. दुसऱ्या बाजूला हेमांगी आणि रात्रभर एसटीचा प्रवास करून आलेली ललिता. वकिलांनी अकरा फेऱ्यांच्या नोंदी पडद्यावर दाखवल्या. विमान खाली येतं, हात पुढे जातो, विमान वर जातं. वैमानिकाने स्वतःच्या हातांनी दिलेला याहून स्पष्ट निर्णय कोणता, असं ते म्हणाले.

इंगोलेबाईंनी हेमांगीला विचारलं की हुकूम होता असं तुम्ही म्हणता, तो कोणी दिला?

"संचालकांनी. पण माझ्या कानापर्यंत तो माझ्या नवऱ्याच्या आवाजात आला. ते समोर बसलेत."

खोलीतल्या सगळ्यांनी विश्रामकडे पाहिलं. तो उठला. कंपनीच्या वकिलांनी त्याला काही सांगायला तोंड उघडलं, पण तोवर तो पडद्यापाशी पोचला होता. तो आवाज माझा होता, त्याने सांगितलं. बेहेरे सर माझ्या मागे उभे राहून सांगायचे आणि मी बोलायचो. पण माझ्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही, मी तिचा नवरा आहे.

मग त्याने स्वतःचा लॅपटॉप जोडला आणि एक रेघ दाखवली. ती विमानाच्या बॅटरीची होती. पंख्यांसाठी म्हणून बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सेकंदाला शंभर वेळा नोंदला जायचा आणि ती नोंद पंखांच्या विभागाकडे, म्हणजे विश्रामकडेच, राहायची. ध्वनिफिती पुसल्या गेल्या होत्या, पण ही रेघ पुसायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. वैमानिक बोलण्यासाठी रेडिओचं बटण दाबतो तेव्हा रेडिओ थोडी वीज ओढतो आणि बॅटरीचा दाब केसभर उतरतो. बटण सुटलं की पूर्ववत होतो.

"हेमांगीने बत्तीसशे फेऱ्यांमध्ये स्वतःच्या मनाने दोनशे सात वेळा विमान वर घेतलंय," तो म्हणाला. "त्यातल्या प्रत्येक वेळी आधी हात हलतो आणि मग ती रेडिओवर सांगते. जिवावरचं काम आधी, बोलणं नंतर. कुठलाही वैमानिक असंच करतो. आता मुरंगल पाहा. अकराही वेळा आधी बटण दाबलंय. एक सेकंदभर, म्हणजे 'समजलं' एवढाच शब्द. हात त्याच्यानंतर हललाय. ती ठरवत नव्हती, ती उत्तर देत होती."

इंगोलेबाईंनी ती रेघ अकराही वेळा स्वतः मोजून पाहिली, मग आणखी वीस ठिकाणच्या रेघा मागितल्या आणि त्याही पाहिल्या. हेमांगी नवऱ्याकडे पाहत राहिली. वर्ध्याला थांबून तो काय करत होता ते तिला आता कळलं. तिला त्याचा आलेला राग अजून गेला नव्हता. अकरा वेळा तो बोलला होता, आणि दोन वर्षं गप्प बसला होता. पण तिथे उभं राहणं त्याला किती जड गेलं असेल, तेही तिला दिसत होतं.

बेहेऱ्यांच्या वकिलांनी शेवटचा मुद्दा मांडला. हुकूम होता असं धरून चाललं, तरी पट्टी उतरण्याजोगी आहे हे कुठे सिद्ध होतं? तिथे आजवर एकही विमान उतरलेलं नाही. हुकूम कदाचित योग्यच असेल.

इंगोलेबाईंनी चष्मा काढला. पहिली टिटवी, वैमानिकाची जागा असलेली, अजून उडण्याच्या स्थितीत आहे का, असं त्यांनी विश्रामला विचारलं. आहे म्हटल्यावर त्या हेमांगीकडे वळल्या.

"मी शेजारच्या जागेवर बसेन. उतराल?"

"उतरेन," हेमांगी म्हणाली.

परवानग्यांना आठवडा लागला. पाऊस उघडलेल्या एका सकाळी नऊच्या सुमाराला हेमांगी आणि इंगोलेबाई निघाल्या. जमिनीवर रेडिओपाशी पुन्हा विश्रामच होता, कारण ते विमान दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. तो फक्त वारा सांगत होता. नैर्ऋत्य, बारा. नैर्ऋत्य, चौदा. त्यापलीकडे एक शब्द नाही.

नदीचं वळण आलं, तांबडी पट्टी समोर आली. कडेला माणसं होती, पण थोडी. सोंडेपाशी खालून वर येणाऱ्या वाऱ्याने विमान उचलल्यासारखं केलं. हेमांगीने ते बसू दिलं, पंखे किंचित वाढवले. पंधरा फूट. कानात काहीच आलं नाही. दहा फूट. हात पुढे गेला, केसभर, आणि चाकं मातीला लागली. टिटवी धूळ न उडवता धावली आणि थांबली. इंगोलेबाईंनी उतरून चाकांच्या खुणेपासून अंतर टेपने मोजलं. एकशे एकतीस मीटर. पट्टी एकशे नव्वदची होती. त्यांनी आकडा वहीत लिहिला आणि म्हणाल्या, अजून दोनदा. हेमांगी अजून दोनदा उतरली.

या तीन उतरण्यांनंतर व्हायचं ते झालं. अहवाल हेमांगीच्या बाजूने आला. डोंगराच्या टोकांवरची सहा गावं सारथीकडून काढून घेतली गेली आणि तिथे चार महिने वैमानिक असलेल्या टिटव्या गेल्या. त्यांतली एक हेमांगी चालवत होती. यंत्राला शिकवताना वैमानिकाला मिळालेला प्रत्येक हुकूम, देणाऱ्याच्या नावासकट, त्याच्या नोंदीत राहिला पाहिजे असा नियम झाला. विश्रामला ऊर्ध्वा सोडावी लागली. बेहेरे पद सोडून गेले आणि वर्षभरात दुसऱ्या एका कंपनीचे सल्लागार झाले. त्या चार मृत्यूंबद्दल कोणावरही गुन्हा दाखल झाला नाही. यंत्र शिकलं तेच करत होतं आणि माणसांनी सांगितलं तेच केलं होतं, त्यामुळे दोष कुठे ठेवायचा ते कायद्याला सापडेना.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी, तिसऱ्यांदा उतरल्यावर, हेमांगी विमानाबाहेर आली तेव्हा ललिता एका म्हातारीला घेऊन पट्टीवर आली. ती पालीची आई, राजे वड्डे. तिच्या खांद्यावर महिन्या-दीड महिन्याचं मूल झोपलं होतं. म्हातारीने विमानाभोवती एक पूर्ण चक्कर मारली, खिडकीतून आत वाकून पाहिलं आणि माडिया बोलीत काही विचारलं.

"त्या दिवशी आलं होतं ते हेच का, विचारते," ललिताने सांगितलं.

असंच होतं, याच्या जोडीचं, हेमांगी म्हणाली.

म्हातारीने मान हलवली आणि पुन्हा काही बोलली. या वेळी ललिताला मराठीत सांगायला थोडा वेळ लागला. "ती म्हणते, आज आत माणूस होतं म्हणून उतरलं. त्या दिवशी आत माणूस नव्हतं, म्हणून गेलं. तसंच ना?"

हो म्हणणं सोपं होतं. म्हातारीला ते पटलं होतं, आणि तेवढ्यावर सगळ्यांची सुटका झाली असती, हेमांगीचीही. तिला ते नको झालं.

"नाही," ती ललिताला म्हणाली. "त्यांना सांगा, त्या दिवशीही आत माणसं होती. एक जण उतरू नका म्हणणारा होता. एक जण तो निरोप देणारा होता. आणि एक मी होते. मला पट्टी दिसत होती, तुम्ही सगळे उभे दिसत होतात, आणि मी अकरा वेळा समजलं म्हटलं. एकदाही का म्हणून विचारलं नाही. यंत्र ते आमच्याकडून शिकलं."

ललिताने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ती म्हातारीकडे वळून सावकाश, एकेक वाक्य सांगू लागली. राजे ऐकत होती. मध्येच मूल हललं, तेव्हा तिने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पुढचं सांग अशी ललिताला खूण केली. सगळं ऐकून झाल्यावर ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने इंगोलेबाईंच्या हातातल्या वहीकडे बोट दाखवलं आणि एकच वाक्य बोलली.

"ती म्हणते, मग हे त्यात लिहा," ललिता म्हणाली. "नावांसकट."

इंगोलेबाईंनी वहीचं नवं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि हेमांगीकडे पाहिलं.

"आधी तुमचं," त्या म्हणाल्या.

हेमांगीने आपलं पूर्ण नाव सांगितलं.